हो म्हणायची घाई

निशाला रशियन वाचता येत होतं, लिहिता येत होतं, बोलताही बऱ्यापैकी येत होतं. ऐकता मात्र येत नव्हतं. आता हे कुणाला सांगावं तर माणूस हसेल. आपल्या गावच्या, पोशेऱ्याच्या टेकडीवर बसून खालच्या वळणावरची जीप लक्ष्या ड्रायव्हरची की आणखी कुणाची, हे नुसत्या आवाजावरून सांगणारी मुलगी, आणि म्हणे ऐकता येत नाही! पण होतं ते तसंच होतं. जे शब्द कागदावर तिच्याकडे सरळ बघायचे, तेच माणसाच्या तोंडून आले की एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पळून जायचे.

व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात ती डॉक्टरकी शिकत होती. पहिली दोन वर्षं इंग्रजीवर निभावली. तिसऱ्या वर्षी वॉर्डात जावं लागलं, आणि वॉर्डातला रुग्ण काही इंग्रजीत कण्हत नाही. पुस्तकात दूध म्हणजे 'मोलोको', लोकांच्या तोंडी 'मलाको'. पुस्तकात आत्ता म्हणजे 'सेयचास', आणि नर्स नुसतं 'श्श्यास' करून निघून जायची, जणू कोंबड्या हाकलतेय. निशाने त्यावर स्वतःपुरता एक उपाय काढला होता. समोरचा बोलत असताना ओळखीचा एखादा शब्द कानावर पडला, की तो घट्ट धरायचा, मान हलवायची आणि म्हणायचं, "दा, दा." म्हणजे हो, हो.

खरं तर हा उपाय तिला रशियाने शिकवला नव्हता. तो ती आश्रमशाळेत पहिलीतच शिकली होती. घरी 'मना' आणि शाळेत 'मला', घरची बोली एक आणि पुस्तकातली मराठी दुसरी. गुरुजी काय विचारतायत ते निम्मं कळायचं नाही, पण "हो सर" म्हटलं की गुरुजी पुढच्या पोराकडे वळायचे. सगळा वर्ग एका सुरात "हो सर" म्हणायचा आणि गुरुजींना वाटायचं, काय हुशार पोरं आहेत. निशाचे वडील धर्मेंद्र गुरुजी तिथेच शिकवायचे. तेही कधीकाळी अशाच वर्गात बसून "हो सर" म्हणत मोठे झाले होते, शिकले, नोकरीला लागले. हो म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट सुटका होते, अशी त्या घराची समजूतच होती.

बिघडलं ते जूनमध्ये, परीक्षेत.

परीक्षेला प्रत्येकाला एकेक रुग्ण दिला होता. त्याला विचारून त्याच्या दुखण्याची हकीकत लिहायची. निशाच्या वाट्याला झिनाइदा पेत्रोव्हना नावाची म्हातारी आली. रक्तदाबासाठी दाखल झालेली, गुबगुबीत, शालीवर छातीपाशी निळ्या फुलाची पिन लावलेली. निशाने घोकून ठेवलेला प्रश्न विचारला, छातीत दुखतं का? म्हातारी म्हणाली, "ने बलीत." दुखत नाही. हे निशाला पाठ होतं, तिने लगेच धरलं. त्यावर म्हातारीने पिनेपाशी तळवा ठेवला आणि म्हणाली, "दावित."

हा शब्द निशाने या रूपात कधी ऐकला नव्हता. पण पोशेऱ्यात कुणी काही दाखवत असलं की 'दावीत हाय' म्हणतात. परक्या मुलखात आपल्या घरचा शब्द ऐकू आला की मन त्याच्याकडेच धावतं. म्हातारीचा हात पिनेवर, तोंडात दावित. बिचारी नवी पिन दाखवतेय, असं निशाच्या मनाने ठरवूनही टाकलं. ती प्रेमाने हसली. म्हणाली, "दा, दा. क्रासीवा." हो हो, सुंदर आहे! म्हातारी तिच्याकडे बघतच राहिली. निशाने कागदावर लिहिलं, छातीत वेदना नाहीत.

'दावित' म्हणजे दाबतंय. दुखत नाही, दाबतंय, असं म्हातारी सांगत होती. हृदयविकाराचा झटका येणारी पुष्कळ माणसं असंच सांगतात, आणि ते निशाच्या पुस्तकात होतंसुद्धा, फक्त दुसऱ्या, लांबलचक रूपात. परीक्षा घेणाऱ्या गालिना सेर्गेयेव्हना बाईंनी नंतर स्वतः जाऊन म्हातारीला पुन्हा विचारलं म्हणून ती वाचली. बाई निशाच्या कागदावर विसंबल्या असत्या, तर म्हातारी त्या फुलाच्या पिनेसकट गेली असती.

निशाला वाटलं होतं बाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. त्यांनी तिला समोर बसवलं आणि तिला कळेल इतक्या सावकाश म्हणाल्या, "तुझा कान चांगला आहे. तुझं 'दा' फार लवकर येतं. माणसाचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहायला शीक. आणि कळलं नाही तर सांग, 'पफ्तरीत्ये, पझालुस्ता.' परत सांगा. एवढंच. कळलं?"

"दा, दा," निशा म्हणाली. आता बोला!

सप्टेंबरमध्ये तीच परीक्षा पुन्हा होती. तीतही नापास झाली तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. बाईंनी तिला सरावासाठी आवाज भरून दिले होते. खात्यातली एक निवृत्त नर्स रुग्ण होऊन बोलायची, कधी खोकत, कधी रडवेली, कधी तोंडात कवळी नसल्यासारखी. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, ऐकलं तसं लिहायचं, पुन्हा ऐकायचं. ते सगळं फोनमध्ये घेऊन निशा जुलैत सुट्टीवर पोशेऱ्याला आली, आणि नापास झाल्याचं तिने घरात कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसं? गुरुजींनी स्टँडपासून घरापर्यंत भेटेल त्याला थांबवून सांगितलं होतं, आमची डॉक्टरीण आली.

आवणीचे दिवस होते. सकाळ झाली की अख्खं गाव खाचरांत उतरायचं, रोपं उपटायची, चिखलात लावायची. निशाची आई ममता अंगणवाडीत, गुरुजी सकाळच्या शाळेत. निशा एकटी पडवीत कानांत इअरफोन घालून बसायची. तिला आवणीला कुणी बोलवतही नव्हतं. डॉक्टरणीने चिखलात हात घालायचे नसतात, असा नवाच कायदा कमूआत्याने काढला होता.

कमूआत्या म्हणजे गुरुजींची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, शेजारच्या खोलीत राहिली, आणि आईवडील दोघंही नोकरीवर असलेल्या निशाला तिनेच न्हाऊमाखू घातलं. बोलकी बाई. एकदा बोलायला लागली की भाताला पाणी किती झालं इथून सुरू करून वाण्याच्या सुनेपर्यंत पोचायची. ऐकणाऱ्याने मधूनमधून हं म्हटलं की तिचं भागायचं. निशा हं म्हणण्यात पटाईतच होती. एका सांजेला आत्या अशीच पडवीत टेकून पुष्कळ वेळ काहीबाही सांगत बसली होती. निशाच्या एका कानात इअरफोन होता, दुसरा कान आत्याला दिलेला होता, निदान आत्याला तसं वाटावं अशी सोय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या खाचराकडे निघाली आणि पडवीच्या पायरीवर मध्येच बसली. डोक्यावर इरलं, हाताने छाती चोळत होती. निशाने इअरफोन काढला.

"आत्या, दुखतंय का?"

"दुखत नाय गो. पन..."

"बरं," निशा म्हणाली, आणि इअरफोन पुन्हा कानात घातला. आत्या थोडा वेळ बसली, मग गुडघ्यावर हात देऊन उठली आणि बांधाच्या वाटेने खाली गेली.

निशाने पुढचा आवाज लावला. नर्स आज म्हातारी झाली होती, दम लागल्यासारखी तुटक बोलत होती. निशाने एक वाक्य ऐकलं, थांबवलं, लिहिलं. ने बलीत. पुढे काहीतरी होतं. पुन्हा लावलं. ने बलीत, आणि मग एक श्वास, आणि त्या श्वासापलीकडे तो शब्द. दावित. हा शब्द आता ती जन्मात विसरणार नव्हती. तिला नुसता राग आला, स्वतःचा. प्रत्येक वेळी ती त्या श्वासापाशीच थांबत होती! माणूस दम घ्यायला थांबतो आणि तिला वाटतं, संपलं.

मग तिचा हात थबकला. दुखत नाय गो, पन. पन काय? 'पन'च्या पुढे आत्या काय म्हणाली? निशाने डोळे मिटून ते आठवायचा प्रयत्न केला. तिथे काहीच नव्हतं. तिथे तिचं स्वतःचं 'बरं' होतं आणि त्यानंतर रशियन नर्स. फोनमधली म्हातारी दहादा मागे नेऊन ऐकता येत होती. आत्याला मागे कसं नेणार?

ती चप्पल न घालताच पळाली. बांध निसरडा होता, दोनदा घसरली, एका हाताला चिखल लागला. खाचरात चारपाच बाया वाकून रोपं लावत होत्या. आत्या एका कडेला होती, इतरांच्या मागे पडलेली. आवणीत कधी मागे न पडणारी बाई.

"आत्या, मगाशी काय सांगत होतीस?"

"काय नाय. तू कशाला आलीस चिखलात? जा, अभ्यास कर जा."

निशाच्या जिभेवर पटकन 'बरं' आलं होतं. ते तिने गिळलं. ती गप्प उभी राहिली. हे गप्प राहणं किती अवघड असतं ते न बोलणाऱ्यालाच माहीत. पुढे काय विचारावं, दम लागतो का, घाम येतो का, सगळे प्रश्न तिच्या घशापर्यंत येऊन धडका मारत होते आणि ती एकालाही बाहेर सोडत नव्हती. आत्याने एक रोप लावलं. दुसरं लावायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मग कमरेवर हात देऊन सरळ झाली.

"दुखत नाय," ती म्हणाली. दम घेतला. निशा थांबली. "दाबीत हाय. हितं. जसा कोनी जातां ठेवलाय."

पाऊस थांबलेला होता, वारा गार होता, आणि आत्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. दावित, दाबीत. हजारो मैलांवरची ती म्हातारी इथे, पोशेऱ्याच्या खाचरात येऊन, तिच्याच घरच्या बोलीत तेच सांगत होती.

बायांनी धरून आत्याला रस्त्यावर आणलं. गुरुजी शाळेतून येतच होते. त्यांनी गडबड पाहिली आणि बहिणीला विचारलं, "अक्का, दुखतंय का?" आत्या म्हणाली, "नाय." गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

"दुखत नाही म्हणतेय ना," ते निशाला म्हणाले. "पित्त झालं असेल. उपाशीपोटी उतरली असेल चिखलात. जरा पडू दे, बघू संध्याकाळी."

"बाबा, आत्ता न्यायचं."

"अगं पण ती स्वतःच म्हणतेय..."

"बाबा, तिकडे एका म्हातारीबद्दल मी हेच लिहिलं. दुखत नाही म्हणून. ती मरता मरता वाचली आणि मी नापास झाले. तुम्हाला सांगितलं नाही मी. आता चला."

ज्या गोष्टीसाठी निशा तीन आठवडे रात्रंदिवस शब्द शोधत होती, ती अशी चिखलाच्या पायांनी, बायांच्या देखत, रस्त्यावर सांगून झाली होती. लाजायलाही वेळ नव्हता. लक्ष्याची जीप मोखाड्याकडे निघाली होती. त्याने आत बसलेल्यांना उतरवलं आणि आत्याला मागच्या बाकावर आडवं घेतलं.

मोखाड्याच्या दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता, लातूरकडचा. माणूस चांगला, पण बोलणं भरधाव. त्याने आत्याला विचारलं, "छातीत दुखतंय का, मावशी?"

"नाय," आत्या म्हणाली. दवाखान्यात आलेल्या शिकलेल्या माणसापुढे ती निम्मीच व्हायची.

"आत्या, मना सांगलास ता सांग," निशा घरच्या बोलीत म्हणाली. इतक्या वर्षांत ती चारचौघांत असं बोलली नव्हती.

"दाबीत हाय," आत्या म्हणाली. डॉक्टरने एकदा निशाकडे पाहिलं आणि लगेच छातीला वायरी लावल्या. कागदाची पट्टी बाहेर आली तसा त्याचा चेहरा बदलला.

"कधीपासून होतंय हे?"

"काल सांजेपासून," आत्या म्हणाली. मग जराशा अभिमानाने, पोरीकडे बोट करून, "निशाला सांगलेला ना मी. आमची डॉक्टरीन हाय ती."

काल सांज. पडवी. एक कान नर्सला, एक कान आत्याला. हं, हं आत्या. गुरुजी तिच्याकडे बघत होते, ते तिला न बघताही कळत होतं.

डॉक्टर गुरुजींकडे वळला. हार्टला रक्त नेणारी नळी ब्लॉक झालीय, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आत्ताच्या आत्ता द्यावं लागेल, मग नाशिकला हलवू, पण त्याआधी सांगा, ब्लड थिनर चालू आहे का, आधी कधी ब्रेन हॅमरेज, महिन्याभरात हेड इंजुरी? सगळं एका दमात.

"हो सर," गुरुजी म्हणाले. "हो सर, हो सर."

त्यांनी हात जोडले होते. मान भराभर हलत होती. पस्तीस पोरांच्या वर्गाला धाक असलेला माणूस, पण त्या क्षणी पहिलीच्या बाकावर बसलेला. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. डॉक्टरचा सिरिंजकडे गेलेला हात थांबला.

"हो? ब्लड थिनर चालू आहे? मग हे इंजेक्शन देता येणार नाही."

"हो सर," गुरुजी म्हणाले.

निशाने आयुष्यात आपला बाप इतका आपल्यासारखा कधी पाहिला नव्हता. तिला त्यांची लाज वाटली नाही. आणि जे वाक्य तिला वर्षभर कुणालाही म्हणता आलं नव्हतं, बाईंनी हातात ठेवलं तरी म्हणता आलं नव्हतं, ते तिच्या तोंडून मोठ्याने बाहेर आलं.

"सर, थांबा. बाबांना प्रश्न कळला नाही. मलाही सगळा ऐकू आला नाही. परत सांगा. एकेक करून सांगा."

डॉक्टर क्षणभर चिडल्यासारखा झाला. मग त्याने खरंच एकेक करून सांगितलं. निशा प्रत्येक प्रश्न आत्याच्या कानाशी घरच्या बोलीत विचारत गेली आणि उत्तर आलं तरी पुढचा श्वास होईपर्यंत थांबत गेली. रक्त पातळ करायची गोळी? कसलीच गोळी नाही. डोक्यात कधी रक्त? नाही. मार लागला होता का?

"पडलू होतू," आत्या म्हणाली. डॉक्टरने मान वर केली. निशाने त्याच्यापुढे हात आडवा धरला. आत्याने दम घेतला. "ता मागल्या साली. औंदा नाय."

इंजेक्शन दिलं गेलं. नाशिकला न्यायला गाडी सांगितली. हळूहळू आत्याच्या तोंडावर थोडा रंग आला, छातीवरचं जातं हललं म्हणाली. डॉक्टर बाहेर येऊन सावकाश, अगदी निशाकडे बघून सांगून गेला, की नाशिकपर्यंत पोचतील, पण हृदयाचा काही भाग गेलाच असणार. किती, ते तिथे कळेल. काल आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

बाहेरच्या बाकावर बापलेक बसले. निशाच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता. परीक्षेचं गुरुजींनी काढलंच नाही. मग खालच्या आवाजात म्हणाले, "निशा, अक्का काल तुला काय म्हणाली होती गं?"

निशाने आठवून पाहिलं. पडवी आठवली, टेकून बसलेली आत्या आठवली, तिचा हलणारा हात आठवला. आवाज आठवला नाही. रशियन नर्सचं त्या सांजेचं प्रत्येक वाक्य मात्र तिला उच्चारासकट पाठ होतं.

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "मी हो म्हटलं होतं."